रशिया मित्र की अमेरिका? बर्लिनमधून मांडलेला हिशोब

रशियन तेल घेतलं म्हणून अमेरिकेनं ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद पेटला आहे. काका म्हणतात, अमेरिका कधीच कुणाची झाली नाही, रशिया आपला खरा मित्र. कॅलिफोर्नियातला आतेभाऊ म्हणतो, रशियाच्या नादी लागून आपण चाळीस वर्षं मागे राहिलो. मग कुणीतरी मला विचारतं, "तू बर्लिनला आहेस, तिकडचे लोक काय म्हणतात?" ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी आमच्या घरची बाजू. मी नाशिकची. बाबा ओझरला एचएएलमध्ये मिग विमानांच्या जोडणीवर होते. रशियन तंत्रज्ञांच्या हाताखाली ते काम शिकले आणि त्या माणसांबद्दल त्यांच्या बोलण्यात आजही आदर असतो. १९७१चा विषय निघाला की बाबा सरसावून बसतात. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. डिसेंबरात युद्ध पेटलं. निक्सननं सातव्या आरमारातली एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, आणि सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरून ते हाणून पाडले. यातला एक शब्दही खोटा नाही. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना वॉशिंग्टननं पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याला पाठीशी घातलं, हे मी इथल्या मित्रमंडळींनाही आवर्जून सांगते. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. त्यांच्या लेखी शीतयुद्ध म्हणजे बर्लिन, क्युबा आणि मग थेट १९८९.

पण महाराष्ट्रानं दोन्हीकडून घेतलेलं आहे. पवईची आयआयटी १९५८मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ तिकडून आले. आतेभाऊ याच पवईत शिकला आणि मग अमेरिकेला गेला. ओझरला रशियन विमानं जोडली जात होती, त्याच काळात तारापूरला जनरल इलेक्ट्रिकच्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९६९पासून वीज देऊ लागल्या. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आली. तिची भाकरी थापताना तुटायची, पण मुलांच्या पोटात काहीतरी पडायचं, असं आजी सांगायची. उपकारांची यादी करायची तर अशी दोन्हीकडची होईल. दग्याफटक्याचीही होईल: १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं तारापूरच्या इंधनात खोडा घातला आणि शेवटी १९८२मध्ये फ्रान्सकडून इंधन घ्यायची वेळ आली.

त्या दोन्ही सत्ता आपापल्या स्वार्थासाठी देत होत्या, आपण आपल्या स्वार्थासाठी घेत होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलं चुकतं ते पुढं. ज्यानं आपल्याला मदत केली ते सरकार चांगलंच असणार, असं आपण धरून चालतो. एखादं सरकार कसं होतं हे विचारायचं असेल तर ते त्याच्या अमलाखाली जगलेल्यांना विचारावं.

मी राहते त्या लिश्टेनबर्ग भागात, नॉर्मानेनश्ट्रासेवर, सोव्हिएत गटातल्या पूर्व जर्मनीच्या गुप्तपोलिसांचं, म्हणजे श्टाझीचं मुख्यालय होतं. १९८९मध्ये १ कोटी ६० लाख वस्तीच्या त्या देशात श्टाझीचे ९१,००० पगारी नोकर होते, आणि त्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. १५ जानेवारी १९९०ला लोक त्या इमारतीत घुसले आणि कागदपत्रांची विल्हेवाट थांबवली. उरलेल्या दफ्तराची लांबी १११ किलोमीटर भरते. फाडलेल्या कागदांची हजारो पोती वेगळी. १९९२पासून कुणीही अर्ज करून आपली फाइल वाचू शकतो.

आमच्या शेजारच्या बाईंनी ती वाचली. त्या एका कारखान्यात आराखडे काढायच्या कामावर होत्या. मागं एकदा त्यांनी मला झेरॉक्सचा गठ्ठा दाखवला. तिऱ्हाईतांची नावं काळ्या शाईनं झाकलेली, बाकी मजकूर टाइप केलेला. कोणत्या दिवशी पश्चिमेकडच्या मावशीचं पार्सल आलं, त्यात कॉफीची किती पाकिटं होती, नवरा जेवताना सरकारबद्दल काय बोलला. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं लिहून देणारं माणूस त्या टेबलावर बसलेलं असणार, एवढं त्यांना वाचताक्षणी कळलं. नाव त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्याच बाई हेही सांगतात की बाळंतपणानंतर पाळणाघर मिळालं म्हणून नोकरी सुटली नाही, भाडं किरकोळ होतं, आणि बाईमाणूस इंजिनिअर आहे याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी त्या एका दमात सांगतात. त्यांना कुणी 'तेव्हा बरं होतं का आता' असं विचारलं की त्या रागावतात, आणि त्यांचा राग मला पटतो.

आपल्याकडे डाव्यांबद्दल बोलताना हल्ली सरसकट 'देशद्रोही' हा शिक्का मारतात. मला ते ऐकवत नाही. पनवेलजवळच्या मातीत जन्मलेले डॉ. गंगाधर अधिकारी १९२०च्या दशकात याच बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट करत होते. इथंच ते कम्युनिस्ट झाले, १९२८च्या अखेरीस मायदेशी परतले आणि काही महिन्यांतच मीरत (मेरठ) कट खटल्यात, म्हणजे इंग्रज सरकारनं कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या खटल्यात, पकडले गेले. त्या काळचं बर्लिन डोळ्यांसमोर आणा. नुकताच महागाईनं नोटांचा निव्वळ कागद होऊन गेलेला, बेकारांच्या रांगा वाढत चाललेल्या, रस्त्यावर नाझींच्या टोळ्या. अशा शहरात वसाहतीतून आलेल्या एका हुशार मुलाला मार्क्स जवळचा वाटला, यात कसला द्रोह आला? त्या पिढीनं गिरणी कामगारांसाठी आणि पुढं संयुक्त महाराष्ट्रासाठी जे केलं त्याचं मोल मी कमी करणार नाही.

पण मग १७ जून १९५३चं काय करायचं? पूर्व बर्लिनमध्ये तेव्हाच्या श्टालिनआलेवर, म्हणजे स्टालिनच्या नावाच्या रस्त्यावर, 'कामगारांचे राजवाडे' म्हणून भव्य इमारती बांधल्या जात होत्या. सरकारनं त्याच पगारात कामाचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढवलं. १६ जूनला बांधकाम मजुरांनी थापी-फावडी खाली ठेवली आणि मोर्चा काढला. दुसऱ्या दिवशी संप देशभर पसरला, मागणी मुक्त निवडणुकांपर्यंत गेली, आणि कामगारांच्या नावानं चालणाऱ्या सरकारनं कामगारांसमोर सोव्हिएत रणगाडे उभे केले. निदान ५५ माणसं मेली. आपल्या एखाद्या गिरणीच्या फाटकावर हे घडलं असतं तर लाल बावट्याखालच्या प्रत्येक माणसाचं रक्त उसळलं असतं. बर्लिनच्या मजुरांसाठी मात्र आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षाचा आवाज निघाला नाही. १९५६मध्ये हंगेरीत तेच झालं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत फौजा मागं घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध भारतानं मत दिलं. जयप्रकाशांनी त्यावर उघड टीका केली. १९६८मध्ये प्रागमध्ये रणगाडे शिरले आणि भारत तटस्थ राहिला, तेव्हा केंद्रीय मंत्री अशोक मेहता राजीनामा देऊन बाहेर पडले. आपल्याकडेही असं बोलणारी माणसं होती. ग्रुपवरच्या वादात त्यांची नावं कधी येत नाहीत याची मला खंत वाटते.

आता आतेभावाकडे वळते. पश्चिमेनं स्पर्धा जिंकली म्हणून ती निर्दोष ठरत नाही. व्हिएतनाम, चिली, इराण हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मी जर्मनीचंच सांगते. पश्चिम जर्मनीत १९५६मध्ये घटना न्यायालयानं कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. जानेवारी १९७२मध्ये विली ब्रांट यांच्यासारख्या लोकशाही समाजवादी चॅन्सेलरच्या काळात फर्मान निघालं की घटनेशी निष्ठा संशयास्पद असलेल्यांना सरकारी नोकरीत घेऊ नये. कागदावर ते उजव्या अतिरेक्यांनाही लागू होतं, झळ बसली ती मुख्यतः डाव्यांना. पुढच्या वर्षांत सुमारे ३५ लाख लोकांची चौकशी झाली. बाराशेच्या वर उमेदवारांना नोकरी नाकारली गेली. त्यात बहुतेक शिक्षक. रेल्वेचा इंजिनचालक आणि पोस्टमन असली माणसंही या कचाट्यात सापडली. एखाद्या निवडणुकीत कम्युनिस्टांचे उमेदवार होतात, अमक्या सभेला होतात, एवढं पुरत असे. पुढं खुद्द ब्रांट यांनी ती चूक होती असं म्हटलं. जानेवारी २०२३मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गचे मुख्यमंत्री विनफ्रीड क्रेच्मान यांनी खुलं पत्र लिहून पीडितांपुढं खेद व्यक्त केला. विद्यार्थिदशेत ते स्वतः डाव्या गटात होते आणि त्यांचीही शिक्षकाची नोकरी त्या फर्मानात अडकता अडकता वाचली होती. खेद व्यक्त व्हायला पन्नास वर्षं लागली. तोवर कित्येकांची निवृत्तीची वयं उलटून गेली होती, आणि न मिळालेल्या नोकरीमुळे पेन्शन तुटपुंजी झाली होती.

हे सगळं मला जुलै २०२५मध्ये फार आठवलं, कारण त्या महिन्यात आपल्या विधिमंडळानं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी हे हवं, असं सरकार म्हणतं. विरोधकांचं म्हणणं असं, की व्याख्या एवढी सैल आहे की उद्या धरणं धरणारा कुणीही त्यात बसेल. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पोलिसांना आणि आदिवासींना मारलं आहे, त्या हिंसेला माझ्याकडून तिळमात्र सूट नाही. बंदूक उचलणाऱ्यावर खटला भरायला कायदे आहेत. पण माणसाच्या हातातली बंदूक सोडून सरकार त्याच्या डोक्यातला विचार मोजायला लागलं की काय होतं, हे पश्चिम जर्मनीसारख्या पक्क्या लोकशाहीत, स्वतंत्र न्यायालयं आणि मोकळी वर्तमानपत्रं असताना झालेलं आहे. आपण त्याहून जास्त काळजी घ्यायला हवी. कायद्याचं समर्थन करणाऱ्या माझ्या मित्रांनी त्या शिक्षकांच्या हकिगती वाचाव्यात, एवढी विनंती करते.

राहता राहिला रशिया. बाबांशी माझा १९७१वरून वाद नाही. वाद आहे तो २०२२वरून. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बर्लिनच्या मुख्य स्थानकावर युक्रेनहून रोज हजारोंनी माणसं उतरत होती, बहुतेक बायका आणि मुलं. बंद पडलेल्या टेगेल विमानतळावर त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. ग्रुपवर तेव्हा लिहिलं जात होतं की रशियानं आपल्याला साथ दिली, आपण त्याला द्यायची. पण १९७१मध्ये साथ देणारा देश होता सोव्हिएत संघ, आणि युक्रेन त्याचा भाग होतं. आपल्या नौदलाच्या राजपूत वर्गातल्या विनाशिका युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत बांधल्या गेल्या. हवाई दलाची एएन-३२ विमानं किव्हमध्ये तयार झाली. ट्रेप्टोच्या बागेत सोव्हिएत सैनिकांचं स्मारक आहे, तिथं बर्लिन घेताना पडलेले सुमारे ७,००० जवान पुरलेले आहेत. त्यात रशियन आहेत, युक्रेनियन आहेत, कझाक आहेत. बाबा इथं आले होते तेव्हा मी त्यांना तिथं घेऊन गेले. मूल कडेवर घेतलेल्या त्या बारा मीटर उंच सैनिकासमोर ते बराच वेळ थांबले. मी त्यांना म्हटलं, "बाबा, कृतज्ञता ठेवायची तर या सगळ्यांची ठेवू या. एकट्या मॉस्कोच्या नावे कशाला करायची?"

ते म्हणाले, "मग तेल घ्यायचं नाही का?"

तेल घ्यावं. दीडशे कोटींच्या देशाला स्वस्त इंधन लागतं, आणि युरोपनं स्वतः कित्येक वर्षं रशियाचा गॅस जाळला आहे, तेव्हा त्यांनी आपल्याला शिकवायला येऊ नये. पण तेल घेणारा ग्राहक विक्रेत्याच्या बाजूनं साक्ष द्यायला बांधलेला नसतो. हे मी बाबांना सांगितलं आणि आता काकांनाही सांगते. आतेभावाला सांगायचं ते एवढंच, की शेजारच्या बाईंच्या नवऱ्याचा कारखाना १९९१मध्ये बंद झाला. पूर्वेतले सरकारी उद्योग विकायला नेमलेल्या ट्रॉयहांड संस्थेकडे सुमारे ८,५०० उद्योग आणि ४० लाख कामगार आले होते. काही वर्षांत त्यातल्या बहुसंख्य नोकऱ्या गेल्या. ज्या स्वातंत्र्यासाठी तो माणूस १९८९च्या मोर्चांत चालला, ते त्याला मिळालं. पण पन्नाशीच्या आत घरी बसावं लागलं आणि पुन्हा धड काम मिळालं नाही. मतदान मात्र त्यानं एकदाही चुकवलं नाही, असं बाई सांगतात.