खुलासा: ‘ग्लॅमर’ हॉलिवूडने घडवलेला शब्द नाही

‘ग्लॅमर हा शब्द हॉलिवूडच्या जाहिरातवाल्यांनी काढला’, असा मेसेज नागपुरातल्या इंग्रजी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. हे साफ चूक आहे.

शब्द स्कॉटलंडचा. वॉल्टर स्कॉटच्या १८०५ च्या काव्यात तो नजरबंदीच्या अर्थाने येतो: त्या जादूने कोठडीतली कोळिष्टकं महालातल्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात. तेव्हा सिनेमाच नव्हता, हॉलिवूड कुठलं!

आणि मूळ? चक्क ‘ग्रामर’. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिन विद्या. ती मूठभरांनाच येई, त्यामुळे पोथी वाचणारा इतरांना मांत्रिकच वाटे. स्कॉटिश तोंडी ‘र’चा ‘ल’ झाला. व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्या सीताबर्डीच्या पोरांना हे जरूर सांगा. सिनेतारकांचा झगमगाट त्या शब्दाला नंतर चिकटला, एवढंच.