फाईल म्हणजे वेडाचा दाखला नव्हे

'मनाच्या डॉक्टरांचे शब्द ओळखा, आपले कुटुंब वाचवा' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. खाली 'जनहितार्थ' असे लिहिले आहे. लिहिणाऱ्याचे नाव मात्र कुठेही नाही. असले संदेश मी एरवी उघडतही नाही. पण हा वाचून माझ्या मावसभावाच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, उपचारांची फाईल फाडून टाकली, नैराश्यावरच्या गोळ्या बंद केल्या आणि मला फोन करून विचारले, "भाऊजी, आता माझ्या नावावर काही पुरावा उरला नाही ना?" तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

संदेशातला सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. 'फाईलवर मानसिक आजार हे शब्द पडले की तुम्ही कायद्याने वेडे ठरता. मग मतदान, मालमत्तेचे व्यवहार, मृत्युपत्र, संसार, सगळ्यावर पाणी सोडा.' हे धादांत खोटे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम ३ स्पष्ट सांगते की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाले, एवढ्यावरून ती व्यक्ती मनोविकल, म्हणजे कायद्याच्या भाषेत मन ठिकाणावर नसलेली, आहे असा अर्थ काढता येत नाही; तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. म्हणजे निदान करणे हे डॉक्टरांचे काम आणि मनोविकल ठरवणे हे न्यायालयाचे काम. या दोन गोष्टींची गल्लत करून हा सगळा संदेश उभा आहे. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहिलो, एवढ्याच कारणावरून आज आपल्याला आजारी ठरवता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

हे सूत्र जुन्या कायद्यांतही दिसते. मतदारयादीतून नाव वगळायचे तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार ती व्यक्ती मनोविकल असून सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते. गोळ्यांची चिठ्ठी पाहून कोणी नाव कापत नाही. १८७२ चा करार कायदा तर एरवी मन ठिकाणावर नसणाऱ्या माणसालाही, ज्या काळात ते ठिकाणावर असते त्या काळात, करार करू देतो, आणि १९२५ चा उत्तराधिकार कायदा मृत्युपत्राबाबत हेच म्हणतो. तेव्हा झोप उडाली आणि रडू आवरेना म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या बाईचे मृत्युपत्र रद्द होईल, हा शोध संदेशकर्त्याने कुठून लावला ते त्याचे त्यालाच माहीत.

संसाराच्या बाबतीत मात्र अर्धे सत्य नाइलाजाने मान्य करावे लागते. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. पण तो आजार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र असावा लागतो, की जोडीदाराने सोबत राहावे अशी अपेक्षाच रास्त ठरू नये. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे की स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचे नुसते नाव घेऊन भागत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते. जिथे स्किझोफ्रेनियाच्या नुसत्या नावाने भागत नाही, तिथे वहिनींच्या फाईलने काय होणार होते?

दुसरा दावा गोळ्यांचा. 'नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच गोळ्या, एकदा सुरू झाल्या की दारूसारखी सवय लागते.' येथे दोन वेगळ्या औषधगटांची खिचडी केली आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या चिंता शमवणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, हे खरे आहे, आणि त्या चिठ्ठीविना महिनोन्महिने घेणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत, हेही खरे आहे. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन ही नैराश्यावरची औषधे या गटातली नव्हेत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात, त्यांची तलफ येत नाही आणि तोच परिणाम साधण्यासाठी मात्राही वाढवत न्यावी लागत नाही. ती अचानक तोडली तर मात्र चक्कर, मळमळ, झोपेची मोडतोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. वहिनींना गोळ्या सोडल्यावर चक्कर येऊ लागली आणि त्यांनी तिलाच व्यसनाचा पुरावा मानले. संदेशाने त्रास स्वतःच ओढवून आणला आणि वर त्याचीच साक्ष काढली. संताप येतो तो यासाठी.

'एकदा भरती झालात की नातेवाईक म्हणतील तेव्हाच सुटका' हा तिसरा दावा. स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाने घरी जातो म्हटले की त्याला सोडावे लागते. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका वाटला, तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, पहिली मुदत ३० दिवसांपलीकडे जात नाही आणि त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. कागदावरचा कायदा आणि वॉर्डातले वास्तव यांत अंतर आहे, हे मी नाकारत नाही. पण येरवडा किंवा ठाण्यासारख्या मनोरुग्णालयांत बरी झालेली माणसे वर्षानुवर्षे अडकतात ती बहुतेकदा घरचे न्यायला येत नाहीत म्हणून. संदेशकर्त्याला कुटुंबे वाचवायचीच असतील, तर त्याने याविषयी लिहावे.

उरलेले मुद्दे थोडक्यात. संदेश म्हणतो तशी शॉक उपचारांवर बंदी नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ते करण्यावर बंदी आहे, आणि अल्पवयीन मुलांवर पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते करता येत नाहीत. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात, 'मेंदू कोरा' होत नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसे नव्हेत. त्यात भास, भ्रम आणि विस्कळीत विचार असतात. मानसिक आजार म्हणजे मतिमंदपणा, हेही खोटे; बौद्धिक अक्षमतेला तर २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून चक्क वगळले आहे. 'विमा मिळत नाही' हेही त्याच कायद्याच्या कलम २१ च्या विरुद्ध आहे. शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजारालाही विमा देण्याची तरतूद कंपन्यांनी करायची आहे.

'सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर सगळे एकच' हा शेवटचा दावा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशकाच्या पाटीबाबत मात्र व्यवहारात बराच सैलपणा आहे, तेव्हा तेथे शिक्षण कुठे आणि किती झाले हे पहिल्या भेटीतच विचारावे, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा दरवाजा शोधावा.