‘शुगर हा आजारच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पर्वती पायथ्याजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे एक काका मध्यंतरी सलग दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले, पण गोळ्या मागितल्याच नाहीत. गॉज, चिकटपट्टी आणि जखमेवर लावायचं मलम मागितलं. रोज सकाळी पर्वती चढतात, त्यात नवे बूट चावले होते. फोड कधी आला, कधी फुटला, काही कळलं नव्हतं. मोज्याला डाग दिसला तेव्हा बघितलं.

“काका, गोळ्या?” मी विचारलं.

त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. “अगं, त्यांची गरजच नाही. हे वाच.”

तो मेसेज मला माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, शाळेच्या ग्रुपवर आला होता आणि माहेरच्या ग्रुपवरही. थोडक्यात असा: शुगर हा आजारच नाही. १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० नॉर्मल होती, औषध कंपन्यांनी ती १२६ केली आणि कोट्यवधी निरोगी माणसं रुग्ण झाली. डब्ल्यूएचओनेही हे मान्य केलंय. आपले आजोबा-पणजोबा तूप-गूळ खायचे, त्यांना कुठे होती शुगर? रात्री मेथी भिजवा, सकाळी पाणी प्या, १५ दिवसांत गोळी सुटेल. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य. गोळ्यांनी मात्र किडनी जाते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयरोगतज्ज्ञांनी हे सिद्ध केलंय. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल. दहा जणांना पाठवा. सगळ्यात खाली एका चूर्णाचा फोटो, किंमत १,८०० रुपये आणि मोबाइल नंबर.

दुकानात ग्लुकोमीटर असतो. काकांच्या बोटाचा थेंब घेतला. जेवून तीन तास झाले होते. आकडा आला ३१२. “पण मला तर काहीच होत नाहीये,” ते म्हणाले. साखर वाढलेली बहुतेक वेळा जाणवत नाही, आणि हा मेसेज टिकतो तो याच गोष्टीच्या जिवावर. गोळी थांबवल्यावर काही दुखत नाही, काही खुपत नाही, म्हणजे मेसेज खरा होता असं वाटतं. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन लिहिते आहे, आणि तो कसा तपासला तेही सांगते.

‘१४० ची १२६ केली.’ आकडे खरे आहेत. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये उपाशीपोटीची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली, १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच मर्यादा घेतली. मेसेजने कारण तेवढं गाळलं आहे. मधुमेहाचं निदान आणखी एका तपासणीने होतं: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी साखर मोजायची. तिथली मर्यादा २००. ती १९८० च्या सुमाराला ठरली आणि आजही तीच आहे. घोळ असा व्हायचा की दोन तासांची साखर २०० च्या वर गेलेल्या कितीतरी माणसांची उपाशीपोटीची साखर १४० च्या आत असायची. एका तपासणीत मधुमेह, दुसरीत ठणठणीत. शिवाय हजारो लोकांचे डोळे तपासल्यावर दिसलं की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब व्हायला उपाशीपोटी १४० व्हायची वाट बघावी लागत नाही, ते त्याच्या बरंच आधी सुरू होतं. दोन्ही तपासण्यांचा मेळ बसावा आणि डोळे जायच्या आत निदान व्हावं म्हणून १२६. गिऱ्हाइकं वाढवायचा कंपन्यांचा डाव असता, तर २०० ला गेली चाळीस वर्षं कुणी हात का लावला नाही?

तज्ज्ञांमध्ये खरा मतभेद आहे तो दुसरीकडे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस कुठून धरायचा? अमेरिकन संस्थेने २००३ मध्ये उपाशीपोटीचा तो आकडा ११० वरून १०० केला, जागतिक आरोग्य संघटनेने ११० च ठेवला. दोघांनी आपापली कारणं लिहून ठेवली आहेत, कुणीही वाचू शकतं. खरा वाद असा दिसतो: कोण म्हणतंय, कधी, कशाच्या आधारावर, सगळं उघड. ‘डब्ल्यूएचओनेही मान्य केलंय’ या वाक्यात यातलं काहीच नाही. कोणता अहवाल, कोणतं साल, ते विचारा. संघटनेच्या वेबसाइटवर मधुमेहाचं स्वतंत्र पान आहे. मी ते उघडून काकांना दाखवलं. ‘आजारच नाही’ असं तिथे कुठेही नाही.

आणि एक साधी गोष्ट. १२६ की १४० हा वाद काकांचा नव्हेच. ३१२ हा आकडा कुठल्याच काळात नॉर्मल नव्हता.

‘आजोबा-पणजोबांना कुठे होती शुगर?’ हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते फार प्रेमाने म्हटलं जातं. पण मधुमेह हा शब्दच आपल्या जुन्या वैद्यकातला आहे. गोड लघवीकडे मुंग्या धावतात हे आपल्या वैद्यांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे दोन प्रकार वेगळे सांगितलेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्याने होणारा. परदेशी कंपन्यांनी शोधून काढलेला आजार तिथे कसा काय असेल? बरं, पणजोबांची साखर मोजली कुणी होती? स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे मान्य, पण चाळिशी-पन्नाशीनंतर दिसणारा आजार दिसायला माणूस तिथवर पोचावा लागतो, आणि पोचला तर कुणीतरी तपासावा लागतो.

आपल्याकडे तो आता इतका का दिसतो, या प्रश्नावर महत्त्वाचं काम तर आपल्या पुण्यातच झालंय, आणि आपल्याच माणसांना ते माहीत नाही. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या गावांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, म्हणजे चरबीही कमीच असणार असं कुणालाही वाटेल. निघालं वेगळंच. स्नायू कमी होते, अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

‘मी जाड नाही, मला कशी शुगर असेल’ हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकते. त्याचं उत्तर त्या फोटोत आहे. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीरांवर बैठं काम आणि भरपूर खाणं एकदम येऊन पडलं. तूप-गूळ खाणारे पणजोबा दिवसभर शेतात राबत होते, हा भाग मेसेजमध्ये येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले: मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख, उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख.

‘मेथीचं पाणी, १५ दिवसांत गोळी बंद.’ मेथीने साखर थोडी कमी होते, हे खोटं नाही. तिच्यातल्या चिकट तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेच यावर काम केलंय आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास पबमेडवर सापडतो. पबमेड म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं, कुणालाही फुकट शोधता येणारं संशोधनाचं भांडार. अभ्यासाचा गोषवारा पानभरही नसतो. तो वाचताना मी चार गोष्टी बघते: माणसांवर केला की उंदरांवर, किती जणांवर, किती दिवस, आणि किती मात्रा. या अभ्यासात मोजक्या रुग्णांना दहा दिवस, दिवसाला १०० ग्रॅम मेथीची पूड दिली होती, तीही स्निग्धांश काढलेली. आणि त्यांचं इन्सुलिन चालू होतं.

मी घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक सपाट चमचा मेथी तोलून पाहिली. ४ ग्रॅम. म्हणजे अभ्यासातल्या मात्रेसाठी दिवसाला पंचवीस चमचे. मेसेजमध्ये तर दाणेही खायचे नाहीत, नुसतं पाणी प्यायचं.

मेथी जरूर खा. भाजी करा, लाडू करताना गूळ आवरा. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना मेथीची पूड भरपूर घेणार असाल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. साखर एकदम खाली येऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात.

गोळी कधीच सुटत नाही असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात, निदानाला सहा वर्षांहून जास्त काळ न झालेल्या वजनदार रुग्णांना काही महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षाच्या शेवटी त्यातले ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेच्या आत होते. तिथे वजन उतरलं होतं, बऱ्याच जणांचं दहा-पंधरा किलो, आणि सगळं देखरेखीखाली, रक्त तपासत. ज्यांना गोळी सोडायची मनापासून इच्छा आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना या अभ्यासाबद्दल विचारावं.

‘नैसर्गिक ते सुरक्षित, गोळीने किडनी जाते.’ काका घेत होते ती मेटफॉर्मिन. तिचं मूळ एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती होते, तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं. ते जसंच्या तसं विषारी होतं. त्याच्याच घराण्यातलं सौम्य द्रव्य म्हणजे मेटफॉर्मिन, आणि १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहावर वापरून दाखवलं. इथे झाडातलं द्रव्य घातक निघालं आणि प्रयोगशाळेत बनवलेली गोळी सोसवली.

किडनीचा गैरसमज मात्र कुठून येतो ते मला काउंटरवर उभं राहून समजलं. किडनीचं काम खूप कमी झालं की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, कारण ती किडनीवाटे बाहेर पडते आणि पडली नाही तर अंगात साठते. घरचे लोक बघतात: किडनी बिघडली, गोळी बंद केली. कारण आणि परिणाम उलटे जोडले जातात. किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर, आणि तिच्या जोडीला रक्तदाब. ब्रिटनमध्ये नव्यानेच निदान झालेल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर जास्त काटेकोर सांभाळलेल्यांमध्ये डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी होते.

गोळीला साइड इफेक्ट आहेतच. सुरुवातीला पोट बिघडतं, अनेक वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासून घ्यावं. हे गोळीसोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. जिथे फायद्यासोबत तोटाही लिहिलेला असतो त्या माहितीवर मी जास्त विश्वास ठेवते. ‘साइड इफेक्ट शून्य’ वाचलं की माझा हात थांबतो.

‘पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी सिद्ध केलंय.’ मेसेजमध्ये नाव होतं, आडनाव होतं, हॉस्पिटलही होतं. मी त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत फोन केला. त्या नावाचे कुणी डॉक्टर त्यांच्याकडे नव्हते. दोन मिनिटांचं काम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची नोंदणी असते. डॉक्टर खरे असतील तर नोंदणी क्रमांक असतोच. आणि समजा डॉक्टर खरे निघाले, तरी ‘माझ्या रुग्णांवर गुण आला’ म्हणजे अभ्यास नव्हे. तो कुठे छापला, इतर डॉक्टरांनी कुठे तपासला?

‘डॉक्टरांचा धंदा बसेल.’ मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी दोनेक रुपयांना मिळते, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. कोणत्याही कंपनीची त्यावर मक्तेदारी उरलेली नाही. चूर्णाचा डबा १,८०० रुपयांचा. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी क्रमांक होता, काकांना त्याचा फार आधार वाटला. तो क्रमांक एवढंच सांगतो की त्या माणसाकडे खाद्यपदार्थ बनवायचा परवाना आहे. त्याने मधुमेह बरा होतो का, हे ते खातं तपासत नाही. उलट १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, औषध कुठल्याही पॅथीचं असो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मी त्या डब्याच्या फोटोसकट केली आहे.

मला खटकतं ते हे, की मेसेज मराठीत होता. घरच्या मराठीत, आजी बोलते तसा. त्याला खोडून काढणारी सगळी माहिती मला इंग्रजीत वाचावी लागली. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांना हे सगळं मराठीत समोर मिळालं असतं तर त्यांनी स्वतःच ताडून पाहिलं असतं, याची मला खात्री आहे. म्हणून हे लिहिलंय.

हा मेसेज वाचून गोळी थांबवलेलं कुणी घरात असेल तर रागावू नका. गोळ्यांची जुनी पट्टी शोधून आपल्या मनाने एकदम पूर्वीच्या मात्रेवरही जाऊ नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या. एचबीए१सीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. किडनीसाठी क्रिएटिनिनही तपासा. पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज उजेडात बघा, आणि जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इतके महिने गोळी घेतली नाही. काकांना ते सांगायची लाज वाटत होती, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. डॉक्टरांनी आधी बूट काढायला सांगितलं, मग दुसरा पायही बघितला. जखम भरायला अकरा आठवडे लागले.