‘सोल्ड डाऊन द रिव्हर’ जुगारातून आलेलं नाही

इंग्रजी सुधारा टाइपच्या रील्समध्ये आणि मग तिथून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं असं की इंग्रजीत ‘रिव्हर’वरून जेवढं स्लँग आहे ते सगळं मिसिसिपी नदीवरच्या जुगाराच्या बोटींवर जन्मलं. पैसे हरलेला जुगारी पुढच्या बंदरावर आपला माल विकायचा म्हणून ‘सोल्ड डाऊन द रिव्हर’ (आज अर्थ: दगा दिला), पकडलेल्या जुगाऱ्याला बोटीतून परत वरच्या गावी पाठवायचे म्हणून ‘सेंट अप द रिव्हर’, आणि पत्त्यांत लबाडी करणाऱ्याला पाण्यात फेकायचे म्हणून पोकरमधलं शेवटचं पान ‘रिव्हर’. वर सल्ला, की मीटिंगमध्ये बिनधास्त वापरा, इम्प्रेशन पडतं.

मला याचा राग येतो, कारण यातला पहिला मुद्दा नुसता चुकीचा नाहीये, त्यात माणसांच्या जागी ‘माल’ आलाय.

तर पहिलं तेच घेऊ. ‘डाऊन द रिव्हर’ विकली जायची ती जिवंत माणसं. अमेरिकेने १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी घातली, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री चालूच राहिली, उलट वाढली, कारण १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि दक्षिणेत कापसाचे मळे पसरत गेले, लुइझियानात ऊस होता, आणि तिथे माणसं कमी पडायची. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी इकडच्या मालकांकडे गुलाम जास्त झालेले. मग ओहायो आणि मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर त्यांना खाली नॅचेझ नाहीतर न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात न्यायचं. सगळे बोटीनेच गेले असंही नाही, कितीतरी जण साखळ्यांत बांधून शेकडो मैल चालवत नेले, काही समुद्रमार्गे. यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसं अशी वरच्या राज्यांतून खालच्या राज्यांत गेली, काही मालकांबरोबर आणि बरीचशी विकून, आणि त्यात नवरा एकीकडे, बायको एकीकडे, पोरं तिसरीकडे हे रोजचं होतं. त्यामुळे ‘तुला खाली विकून टाकीन’ ही नुसती धमकीच माणसाला गप्प करायला पुरायची.

हा व्यापार बोटीवरून कसा दिसायचा ते विल्यम वेल्स ब्राऊन यांनी लिहून ठेवलंय. ते स्वतः गुलाम होते, सेंट लुईसहून न्यू ऑर्लीन्सला माणसं नेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मालकाने त्यांना भाड्याने दिलं होतं. १८४७ साली छापलेल्या आत्मकथनात ते सांगतात, की बाजार यायच्या आधी म्हाताऱ्यांना तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं. दाढीमिशा काढायच्या, पांढरे केस थोडे असतील तर उपटायचे, जास्त असतील तर ब्रशने काळा रंग फासायचा, म्हणजे माणूस दहा-पंधरा वर्षांनी तरुण दिसतो आणि भाव चांगला येतो. पुढे ब्राऊन आईला घेऊन पळाले, पकडले गेले, आणि त्यांच्या आईला न्यू ऑर्लीन्सकडे विकलं. यात पत्ते कुठे आहेत ते त्या पोस्टवाल्याने दाखवावं.

शब्दप्रयोगाचा पुरावा पण आहे. १८३७ च्या ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात बातमी आहे, की एकाने व्हर्जिनियात गुलाम विकत घेतले, नदीच्या खाली विकले आणि तीस हजार डॉलर कमावले. तिथे अर्थ अगदी शब्दशः आहे. ‘विश्वासातल्या माणसाने दगा दिला’ हा आजचा अर्थ बराच नंतरचा.

‘अप द रिव्हर’चं थोडक्यात सांगतो. ती नदी मिसिसिपी नाहीच, ती न्यूयॉर्कची हडसन. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर वर, नदीच्या काठाला सिंग सिंग तुरुंग आहे, १८२५ मध्ये ऑबर्न तुरुंगातले कैदी आणून त्यांच्याकडूनच तो बांधायला घेतला. न्यूयॉर्कमध्ये शिक्षा झाली की हडसनवरून वर रवानगी, म्हणून ‘सेंट अप द रिव्हर’ म्हणजे जेलमध्ये गेला. तुरुंगाची बदनामी गावाला इतकी चिकटली की १९०१ मध्ये गावाने सिंग सिंग हे स्वतःचं नाव टाकून ऑसिनिंग घेतलं. दोन नद्या, दोन गोष्टी, पोस्टमध्ये एकाच बोटीत.

आता पोकर. बोटींवर जुगार चालायचा हे खरंय, जुगाऱ्यांवर लोकांचा राग होता हेही खरं, १८३५ मध्ये मिसिसिपीकाठच्या विक्सबर्गला जमावाने पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवलं होतं. म्हणून ती पाण्यात फेकायची गोष्ट पटकन पटते. पण ज्या खेळात टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात, म्हणजे पहिली तीन फ्लॉप, चौथं टर्न आणि मग पाचवं रिव्हर, तो टेक्सास होल्डेम विसाव्या शतकातला आहे, टेक्सासमधल्या रॉब्सटाऊनचा मानतात, आणि लास वेगासला पोचला १९६० च्या दशकात. वाफेच्या बोटींचा भर त्याच्या कितीतरी आधीचा, तेव्हा त्यांच्यावर खेळायचे तो पोकर वेगळा, त्यात हे पाचवं सामायिक पानच नव्हतं. बोटीवरच्या माणसाने त्या पानाला ‘रिव्हर’ म्हटल्याचा त्या काळातला एकही कागद ही पोस्ट देत नाही, नुसती गोष्ट सांगते.

राहिला शेवटचा सल्ला, ‘बिनधास्त वापरा’. अमेरिकेत अजून खूप लोक हा प्रयोग सहज बोलतात, त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाहीये. पण समोर कॉलवर बसलेल्या माणसाची खापरपणजी खरोखर अशी विकली गेलेली असू शकते, आणि आपण एखादं फीचर कापलं किंवा डेडलाइन पुढे गेली म्हणून ‘दे सोल्ड अस डाऊन द रिव्हर’ म्हणायचं, हे मला तरी जमणार नाही. आपल्याकडे तर ही गोष्ट नवीही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, पुण्यात बसून त्यांना तो व्यापार काय होता हे नीट माहीत होतं.

दगाच सांगायचा असेल तर इंग्रजीत ‘दे लेट अस डाऊन’ म्हणा, ‘बिट्रेड’ म्हणा, काम होतं. आणि आपापसात मराठीत बोलत असाल तर ‘ऐनवेळी तोंडघशी पाडलं’, ‘वाऱ्यावर सोडलं’, फारच लागलं असेल तर ‘केसाने गळा कापला’. ग्रुपवर ती पोस्ट परत आली तर किमान ती १८३७ ची बातमी खाली टाका.