तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायला सांगणारा तो मेसेज

परवा भर दुपारी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून भाच्याचा फोन. "मामा, इंजिन तपी गयं, आते चालूच व्हत नही. ग्रुपवर आलंय तसं पेट्रोल ओतू का?" बॅरेजच्या पाण्यात मधोमध बोट, बोटीत ओली जाळी, दोन माणसं आणि हातात उघडा कॅन. मी फोनवर ओरडलोच.

तो मेसेज आता मच्छीमारांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. गरम इंजिन चालू होत नसेल तर कव्हर काढून कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओता, चोक पूर्ण ओढा, हेडवर गार पाणी मारा, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) कायमचा काढून टाका आणि पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं ठेवा.

आधी पेट्रोलचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर ती वाऱ्याने पांगते, पण बोटीत ती तळाशी साचून राहते. दोरी ओढली आणि इंजिनाने उलटा भडका मारला, की जाळ कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येतो, थेट त्या उघड्या कॅनपर्यंत. पळायला जागा कुठे आहे?

आणि त्या वेळी बहुतेकदा इंजिनात पेट्रोल आधीच जास्त झालेलं असतं. इंजिन बंद केलं की थंड करणारं पाणी फिरायचं थांबतं, ब्लॉकची धग कार्बोरेटरपर्यंत येते, आतलं पेट्रोल उकळून आत उतू जातं. त्यात तुम्ही अजून ओतणार. तेव्हा चोक ओढू नका, गिअर न्यूट्रलला घ्या, ॲक्सिलरेटर उघडेल तितका उघडा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा. पकडलं की लगेच कमी करा.

चोक ओढण्याचा सल्लाही त्याच चुकीतला. यामाहाच्या आउटबोर्डबरोबर, म्हणजे बोटीच्या मागे लावायच्या इंजिनाबरोबर, येणारी पुस्तिका काढून बघा, गरम इंजिन चालू करताना चोकची गरज नाही असं त्यात सरळ लिहिलंय. बनवणारा हे सांगतो, तर फॉरवर्ड करणाऱ्याचं कशाला ऐकायचं?

हेडवर गार पाणी नको, तापलेलं ॲल्युमिनियम वाकतं, तडकतं. इंजिन खरंच जास्त तापत असेल तर मागची पाण्याची धार बघा. ती बारीक झाली असेल तर गाळ, प्लॅस्टिक नाहीतर झिजलेला इंपेलर, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणारा पंखा. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन कायम थंड चालतं आणि कार्बन धरतं, एवढंच.

ओल्या फडक्याचं मात्र मान्य करावं लागेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि पेट्रोलचा हलका भाग ३५ ते ४० अंशांनाच उकळायला लागतो. पाइपमध्ये वाफ अडकते. पाइपवर, पेट्रोल पुढे ढकलायच्या हातपंपाच्या फुग्यावर ओलं फडकं आणि टाकी सावलीत, हे कामाचं आहे.

पण भाच्याचं दुखणं ते नव्हतंच. फोनवरच विचारलं, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? आहे. फुगा दाबून कडक होतो का? होतो. म्हणजे पेट्रोल पोचतंय. वल्ही मारत काठाला या म्हटलं आणि शहाद्याहून निघालो.

काठाला बांधून इंजिन पुन्हा बंद पडेपर्यंत चालवलं आणि लगेच टेस्टर लावून ठिणगी पाहिली. काहीच नाही. पाऊण तासाने परत पाहिली, तर निळीशार. दोष इग्निशन कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या गुंडाळीचा. गरम झाली की आतली तार तुटते, थंड झाली की जुळते. म्हणून दुसऱ्या दिवशी थंड इंजिन गॅरेजला आणलं की मिस्त्रीला काही सापडत नाही. तपासायचं ते बंद पडल्या पडल्या.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला "गुण आला" असं का वाटलं, तेही इथेच कळतं. कव्हर काढ, पेट्रोल शोध, झाकण भर, यात अर्धा तास गेला, तेवढ्यात कॉइल थंड झाली. इंजिन चालू झालं वेळेमुळे, नाव झालं पेट्रोलचं.

नवी कॉइल घातली. भाच्याने तो मेसेज ज्या तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता, तिथे हे सगळं मी त्यालाच लिहायला लावलं.