खुलासा : पालकांना ट्रेनिंग देतात म्हणजे चूक पालकांची, असं नव्हे

‘ऑटिझमच्या मुलांच्या आईबापांना ट्रेनिंग देतात, म्हणजे पोर त्यांनीच लाडावलंय, कडक शिस्त लावा, ऑटिझम जाईल’ हा मेसेज गुहागर-दापोलीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक. लाडाने येत नाही, माराने जात नाही.

मग ट्रेनिंग कशाचं? समजा, दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा वाजला की पोर जमिनीवर लोळण घेतं. माणसं बघतात म्हणून आई घाईने मोबाइल हातात देते. (कोण देणार नाही?) पोर शिकतं : लोळलं की मोबाइल. ट्रेनिंगमध्ये आधी काय झालं, नंतर काय मिळालं, हे टिपायला शिकवतात. मग घरूनच बोटीचं चित्र दाखवायचं, कानाला हेडफोन लावायचा, ‘नको’ खुणेने सांगितलं की लगेच बाजूला न्यायचं.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ ते ७ वर्षांची १८० मुलं होती. २४ आठवड्यांनी, पालकांच्याच नोंदींनुसार, ट्रेनिंग घेतलेल्यांच्या मुलांचा त्रागा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला. नुसती माहिती मिळालेल्यांच्या मुलांचा ३२. त्रागा उतरला, ऑटिझम नव्हे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.