शून्यांचा जाच

मिरकरवाड्याजवळच्या एका मासळी कारखान्यातला ब्लास्ट फ्रीझर. मालमत्ता क्रमांक ४०१२. सॅपच्या (कंपनीचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनवर टाकला की खरेदीची तारीख, घसारा, सगळं धडाधड दिसतं. तोच क्रमांक माझ्या प्रोग्रॅममधून गेटडिटेलच्या बापीला (प्रोग्रॅमला मालमत्तेचा तपशील काढून देणारं सॅपचं तयार फंक्शन) दिला की उत्तर काय, तर अशी मालमत्ताच नाही! मग मघाशी काय भूत दाखवलंस?

कारण दरवेळी तेच. क्रमांक १२ अक्षरी हवा, म्हणजे पुढे ८ शून्यं. उपक्रमांक ४ अक्षरी, मुख्य मालमत्तेला '००००'. स्क्रीन ही शून्यं गुपचूप लावून घेते, कॉल करताना मात्र आपणच लावायची. बरं, चुकलं तर निदान बोंब तरी मारावी! छे. एसवाय-सबआरसी (कॉल जमला की नाही ते सांगणारा आकडा) साळसूदपणे ०, म्हणजे सगळं आलबेल, आणि खरी तक्रार बापी जे उत्तर परत देते त्यातल्या रिटर्नच्या स्ट्रक्चरमध्ये दडलेली.

८ वर्षं हेच करतोय (हो, ही शून्यं आपोआप लावून देणारं अल्फा कन्व्हर्जन माहितीये मला), तरी परवा पुन्हा दीड तास गेला. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुंथतोय, आणि अकाउंटवाले काका फोनवर: "अरे, फ्रीझर माझ्या डोळ्यांसमोर घरघरतोय, आणि तुझा रिपोर्ट म्हणतो नाहीच?"